मोबाइलची किल्ली कुणाच्या हाती?

पूर्वी घरातली बाई पैसे कुठे ठेवते हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण कुणी ते बोलून दाखवत नसे. तांदळाच्या डब्यात, ट्रंकेतल्या शालूच्या घडीत, नाहीतर देवघरातल्या पोथीखाली. अडीअडचणीला तेच पैसे बाहेर यायचे आणि घराची लाज राखायचे. आता तांदळाच्या डब्यात फक्त तांदूळ असतो. पैसे मोबाइलमध्ये जाऊन बसले आहेत.

आणि नुसते पैसेच नाहीत. मैत्रिणींनो, एकदा शांतपणे बसून आपल्या मोबाइलमध्ये काय काय आहे याची यादी करून बघा. बँकेचं खातं, आधार कार्डाचा फोटो, गॅसचं बुकिंग, मुलांच्या शाळेचा ग्रुप, सोनोग्राफीचा रिपोर्ट, बचत गटाचा हिशेब. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा झाल्याचा मेसेजही तिथेच येतो. शिवाय बहिणीशी रात्री उशिरा मन मोकळं करून बोललेलं असतं, तेही तिथेच. म्हणजे कपाट, तिजोरी, डायरी आणि पत्रांची पेटी असं सगळं त्या हातभर नव्हे, वीतभर वस्तूत कोंबलेलं आहे. आणि त्या सगळ्याला कुलूप एकच, स्क्रीनवरचं!

बचत गटांच्या कामानिमित्त माझं तालुक्यातल्या बऱ्याच गावांत जाणं-येणं असतं. बैठक संपली, चहा आला, की मी हल्ली सहज विचारते, "तुमच्या मोबाइलला लॉक आहे का गं?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "लॉक कशाला काकू? हात पिठाचे असतात, सारखं कोण उघडत बसणार?" "आहे ना, १२३४. लक्षात राहायला सोपं." "पोरानेच टाकलंय, त्यालाच विचारावं लागतं." एका आजींनी तर आकडा चिठ्ठीवर लिहून ती मोबाइलच्या कव्हरमध्येच ठेवली होती. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपालाच लटकवून ठेवायची, तसाच हा प्रकार!

चोराला फोन नको, उघडा फोन हवा

एसटी स्टँडवर गाडी लागली की जी रेटारेटी होते, ती आपल्याला नवी नाही. आठवडी बाजार, जत्रा, लग्नाचा हॉल ही फोन जाण्याची नेहमीची ठिकाणं. पूर्वी चोर फोन न्यायचा तो विकण्यासाठी. आता फोनच्या किमतीपेक्षा फोनच्या आतला ऐवज मोठा असतो. त्यामुळे बोलता बोलता, पैसे देता देता, म्हणजे फोन उघडा असतानाच तो हातातून हिसकावला जातो. किंवा आधी आपल्या मागे उभं राहून आपण टाकत असलेला आकडा पाहून घेतात आणि मग पर्समधून फोन लांबवतात.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आकडा. चार आकडी पिनचे एकूण दहा हजार प्रकार होऊ शकतात, तर सहा आकडी पिनचे दहा लाख. नुसते दोन आकडे वाढवले की कुलूप शंभर पटीने पक्कं होतं. पण तो आकडा १२३४५६, गाडीचा नंबर, मुलाची जन्मतारीख किंवा लग्नाचं साल असा नको. आपल्या जन्मतारखा सगळ्या गल्लीला माहीत असतात. ठिपके जोडून काढायचा पॅटर्न अनेकींना आवडतो, पण मागून बघणाऱ्याच्या तो चटकन लक्षात राहतो. शिवाय तेलकट बोटाने काढला की काचेवर त्याची रेघ उमटते, ती वेगळीच. त्यापेक्षा आकडाच बरा.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. स्क्रीन आपोआप बंद व्हायला काही जणींनी पाच-पाच, दहा-दहा मिनिटं ठेवलेली असतात, पाककृती बघताना सोयीचं पडतं म्हणून. ती तीस सेकंदांवर आणा. आणि बाजूचं बटण दाबलं की फोन त्याच क्षणी लॉक होईल असं सेटिंग असतं, तेही बघून घ्या. 'स्मार्ट लॉक' किंवा 'एक्स्टेंड अनलॉक' नावाची एक सोय आहे. फोन आपल्या अंगावर आहे किंवा घरात आहे असं त्याला वाटलं, तर तो उघडाच राहतो. ती बंद असलेली बरी. फोन हिसकावून नेणाऱ्याच्या अंगावर असला तरी तो अंगावरच असतो ना!

तिसरी गोष्ट अनेकींच्या ध्यानातच येत नाही. फोन लॉक असतानाही आलेला मेसेज वरच दिसतो. बँकेचा ओटीपीसुद्धा! म्हणजे कुलूप दाराला आहे, पण खिडकी सताड उघडी. सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर मजकूर दिसू नये असा पर्याय निवडा. मेसेज आलाय एवढं कळेल, काय आलाय ते कळणार नाही.

आणि चौथी गोष्ट, सिमची. फोनला लॉक असलं तरी चोर आपलं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो. मग आपले सगळे ओटीपी त्याच्याकडे! यासाठी सिमलाही वेगळा पिन लावता येतो. तो लावला की सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर आधी आकडा विचारला जातो. पण हे अंदाजपंचे करू नका. सिमला कंपनीने आधीच एक आकडा दिलेला असतो, तो कंपनीकडून विचारून घ्या आणि मग बदला. तीनदा चुकला तर सिम बंद होतं आणि कंपनीकडून 'पीयूके' नावाचा दुसरा आकडा घ्यावा लागतो.

अलीकडच्या फोनमध्ये आणखीही काही चांगल्या सोयी आल्या आहेत. गूगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनसाठी चोरीपासून संरक्षणाची सोय आणली. 'थेफ्ट प्रोटेक्शन' या नावाने ती गूगलच्या सेटिंग्जमध्ये सापडते. कुणी फोन हिसकावून पळालं तर त्या धक्क्यावरून फोन ते ओळखतो आणि स्वतःहून लॉक होतो. दर वेळी ओळखेलच असं नाही, पण सुरू ठेवायला पैसे पडत नाहीत. आयफोनमध्येही जानेवारी २०२४ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे. घराबाहेर असताना ते चालू असेल तर नुसता आकडा माहीत असून चोराला पासवर्ड बदलता येत नाहीत, चेहरा किंवा बोट लागतंच.

आणि आपल्याच माणसाचा हात?

इथपर्यंत बैठकीत सगळ्या जणी भराभरा बोलतात, आपापले किस्से सांगतात. पुढचा विषय काढला की मात्र आवाज खाली येतात. कारण फोन उघडणारा दर वेळी एसटी स्टँडवरचा चोरच असतो असं नाही.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शिलाईकाम करणारी, रात्री बारापर्यंत मशीनवर बसणारी बाई. थकून गाढ झोपली होती. नवऱ्याने तिचा अंगठा उचलून फोनवर टेकवला, फोन उघडला. यूपीआयचा पिन त्याला माहीतच होता, कारण सुरुवातीला ॲप त्यानेच घालून दिलं होतं. गटाच्या हप्त्यासाठी ठेवलेले चार हजार रुपये गेले. सकाळी बैठकीत हप्ता भरायची वेळ आली तेव्हा तिला कळलं. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "पैसे चार हजारच होते काकू. पण ह्यांनी माझं बोट वापरलं."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, म्हणतात ते हेच. पैसे मागून घेतले असते तर कदाचित तिने दिलेही असते. पण विचारण्याचीच गरज उरली नाही, तर घरात तिचं 'हो' आणि 'नाही' या दोन्ही शब्दांना काय किंमत राहिली?

यातली समजून घेण्याची गोष्ट अशी की बोट आणि चेहरा सोयीचे खरे, पण ते आपल्या नकळत किंवा मनाविरुद्ध वापरता येतात. झोपेत अंगठा टेकवता येतो, हात धरून बोट दाबता येतं, फोन तोंडासमोर धरता येतो. कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये चेहऱ्याची ओळख साध्या कॅमेऱ्यावर चालते आणि ती आकड्याइतकी सुरक्षित नाही, असा इशारा तो पर्याय निवडताना फोनच देतो. डोक्यातला आकडा मात्र झोपेत कुणी काढून घेऊ शकत नाही. २०२५ पासून तर यूपीआयचा पिन न टाकता, फोनवरच्या बोटाने किंवा चेहऱ्याने पैसे देण्याची सोयही सुरू झाली आहे. सोय चांगलीच आहे. पण जिला घरातच धाकधूक आहे तिने ती सुरू करण्याआधी दोनदा विचार करावा.

मग करायचं काय? सगळ्यात सरळ उपाय म्हणजे बोट आणि चेहरा काढून टाकून नुसता सहा आकडी पिन ठेवायचा. ते जमत नसेल तर अधलामधला उपाय आहे. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'लॉकडाउन' नावाची सोय आहे. पॉवरचं बटण, आणि काही फोनमध्ये त्यासोबत आवाज वाढवायचं बटण, दाबून धरलं की फोन बंद करण्याचे पर्याय येतात, त्यात ती दिसते. काही फोनमध्ये ती आधी सेटिंग्जमधून सुरू करावी लागते. ती दाबली की बोट आणि चेहरा चालत नाही, आकडाच लागतो. लॉक स्क्रीनवरचे मेसेजही दिसेनासे होतात. आकडा टाकून फोन एकदा उघडला की पुन्हा पहिल्यासारखं होतं, म्हणून रोज झोपण्याआधी ते करायचं. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरलं की हेच काम होतं. यातलं काहीच सापडलं नाही तर फोन बंद करून पुन्हा चालू करायचा. चालू झाल्यावर पहिल्यांदा आकडाच लागतो.

आणखी एक. फोनमध्ये कुणाकुणाची बोटं नोंदवली आहेत ते एकदा बघा. फोनचा आकडा ज्याला माहीत आहे, तो स्वतःचं बोटही त्यात घालून ठेवू शकतो. अनोळखी नोंद दिसली तर काढून टाका. कुणी फोन उघडून बराच वेळ हाताळला असेल तर व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघा. तिथे आपला नसलेला संगणक किंवा फोन दिसला तर आपलं बोलणं तिकडेही वाचलं जात आहे असं समजा आणि तो लगेच काढा.

मुलांना कार्टून बघायला फोन द्यायचा असेल तर त्यासाठी 'ॲप पिनिंग' आहे. एकच ॲप उघडं राहतं, बाहेर पडायला आकडा लागतो. शेजारणीला एक फोन लावायला द्यायचा असला तरी उपयोगी.

"लपवण्यासारखं आहे काय?"

लॉकचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कधी नवरा विचारतो, कधी सासूबाई, कधी वयात आलेला मुलगाही. मला विचाराल तर लपवणं आणि आपलं म्हणून जपणं यात फरक आहे. आपण न्हाणीघराचं दार लावतो ते काही पाप लपवायला नाही. सासूबाईंच्या पेटीला कुलूप असतं, मुलगा स्वतःच्या फोनला कुणाला हात लावू देत नाही, नवऱ्याच्या पाकिटात आपण न विचारता हात घालत नाही. मग बाईच्या फोनला लॉक दिसलं की तेवढ्यालाच संशय का चिकटावा?

कायदाही आता आपल्या बाजूने बोलतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयासमोर घटस्फोटाच्या दाव्यात एका नवऱ्याने बायकोच्या फोनच्या कॉलचा तपशील मागितला होता. न्यायालयाने तो नाकारला. नवरा बायकोला फोनचा किंवा बँकेचा पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही, तसं करणं हा कौटुंबिक हिंसाचारही ठरू शकतो, असं त्या निकालात म्हटलं आहे. मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की पती-पत्नीचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. म्हणजे हक्क आहे, पण फोनमधून एकदा बाहेर गेलेलं परत येत नाही. राखण आपणच केलेली बरी.

याचा अर्थ नवरा-बायकोने एकमेकांपासून फोन दडवत फिरावं असा मुळीच नाही. कित्येक घरांत दोघांना एकमेकांचा आकडा माहीत असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. आजारपणात, अपघातात घरातल्या एका माणसाला आकडा माहीत असणं गरजेचंही असतं. माझं म्हणणं एवढंच की तो कुणाला सांगायचा हे जिचा फोन तिने ठरवावं. विश्वासाने सांगितलेला आकडा आणि दरडावून काढून घेतलेला आकडा एक नव्हे.

पण एक कळकळीची सूचना. समोरचा हात उगारून उभा असेल, मग तो चोर असो की घरचा, तर आकडा सांगून टाका. फोनपेक्षा, पैशांपेक्षा जीव मोठा आहे. नंतर दुसऱ्या सुरक्षित फोनवरून पासवर्ड बदलता येतात. जिच्या घरात मारहाण आहे, तिने एकाएकी नवीन लॉक लावून भडका उडवून घेऊ नये. आधी माहेरच्या माणसाशी, गटातल्या विश्वासू बाईशी किंवा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली हे अधिकारी नेमलेले असतात. १८१ ही महिलांसाठीची आणि ११२ ही तातडीच्या मदतीची हेल्पलाइन आहे. हे आकडे मात्र पाठ असू द्यात. लॉक असलेल्या फोनवरूनही ११२ लावता येतो.

शिलाईकाम करणाऱ्या त्या ताईचं पुढे काय झालं? आम्ही तिघी-चौघी तिच्या घरी गेलो. अंगठा काढला, सहा आकडी पिन घातला, यूपीआयचा पिन बदलला. तिने जेवायला वाढता वाढता नवऱ्याला सरळ सांगितलं, "लॉक बदललंय. पैसे लागले तर मागा." आठ दिवस घरात अबोला होता. आता तो मागतो. कधी ती देते, कधी नाही म्हणते.

फोन गेलाच तर

घाबरून रडत बसण्यात पहिला तास घालवू नका, तोच महत्त्वाचा. कुणाचा तरी फोन घ्या आणि सिम कंपनीला फोन करून आधी सिम बंद करा. मग बँकेला कळवून खात्यावरची मोबाइल बँकिंग आणि यूपीआय सेवा थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

गूगलच्या 'फाइंड हब'मधून (आधी याचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होतं) फोन दुरून लॉक करता येतो, कुठे आहे ते बघता येतं आणि आतला सगळा मजकूर पुसताही येतो. त्यासाठी आपल्या गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड ठाऊक हवा. "तो दुकानदारानेच घातला" हे उत्तर तेव्हा कामाला येत नाही.

मग पोलीस ठाणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४. तेव्हा फोन हिसकावला असेल तर तक्रारीत 'गहाळ झाला' असं लिहू देऊ नका. तक्रारीची प्रत घेऊन केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर जा. तिथे फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो देशभरातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. ही सोय महाराष्ट्रात २०१९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि २०२३ पासून देशभर आहे. आयएमईआय हा पंधरा आकड्यांचा फोनचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की ते दिसतात. आजच दाबा आणि वहीत उतरवून ठेवा. फोन गेल्यावर ते कुठून दाबणार?

हे सगळं वाचून "माझ्याच्याने काही हे व्हायचं नाही" असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी एक सुचवते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत, भिशीत नाहीतर हळदीकुंकवाला अर्धा तास यासाठी ठेवा. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी बोलवा. सहा आकडी पिन, लॉक स्क्रीनवरचे मेसेज बंद, बोटांची यादी आणि वहीत आयएमईआय, एवढी चारच कामं. पण एक अट घाला. मुलीने फक्त दाखवायचं, बटणं प्रत्येकीने आपली आपण दाबायची. आणि आकडा टाकताना शेजारणीने मान दुसरीकडे वळवायची!